परदेशात बेपत्ता झालेल्यांच्या घरच्यांसाठी काहीतरी ठरवा: परराष्ट्र मंत्रालयाला खुलं पत्र

मा. परराष्ट्र मंत्री आणि मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागातले सगळे अधिकारी,

नमस्कार.

हे पत्र मी माझ्या जावेसाठी लिहितेय. तिने आतापर्यंत एवढे अर्ज लिहिलेत की कोरा कागद समोर आला की तिला रडू येतं, म्हणून ती म्हणाली ताई या वेळी तुम्ही लिहा, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहा. माझे धाकटे दीर आखातात बांधकामाच्या साईटवर कामाला होते. एका रात्री त्यांनी मुलीला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉईस मेसेज पाठवला, दुसऱ्या दिवशी फोन बंद, आणि त्यानंतर काहीच नाही. तुरुंगाच्या यादीत नाव नाही, हॉस्पिटलात नाव नाही, देश सोडून गेले का ते कुणी सांगत नाही, बॉडी नाही. कंपनी कुठली, देश कुठला, कुठल्या ऑफिसात कोण काय बोललं ते मी इथे लिहिणार नाही कारण मला कुणा एकाची तक्रार करायची नाहीये. मला सांगायचंय ते एवढंच की माणूस परदेशात अडकला तर काय करायचं हे सरकारने ठरवलंय, पकडला गेला तर ठरवलंय, आजारी पडला, पगार बुडाला, वारला, प्रत्येकासाठी काही ना काही ठरलेलं आहे, पण माणसाचं नेमकं काय झालं हेच माहीत नसेल तर त्याच्या घरच्यांचं काय करायचं हे कुणी नीट ठरवलेलंच नाही, आणि ते ठरवायला पाहिजे.

मंत्रालय काहीच करत नाही असं मी म्हणणार नाही, ते खरं नाही. २०१५ पासून मदद पोर्टल आहे, त्यावर घरबसल्या तक्रार टाकता येते. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, त्यातून अडकलेल्यांची राहायची सोय होते, तिकीट मिळतं, वकील मिळतो, औषधपाणी होतं, मृतदेह घरी आणायचा खर्च होतो. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर फ्रॉडच्या अड्ड्यांतून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं. त्या बातम्या चालू होत्या तेव्हा माझी जाऊ टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन एकेक चेहरा बघत होती, भाऊजी त्या बाजूला गेलेलेच नाहीत हे तिला पक्कं माहीत असताना. त्या मुलांची सुटका झाली याचा आम्हाला खरंच आनंद झाला. पण त्यांचा पत्ता लागला होता म्हणून विमान पाठवता आलं, ज्याचा पत्ताच नाही त्याच्यासाठी विमान कुठे पाठवणार, म्हणून त्याच्यासाठी वेगळी व्यवस्था लागते असं मी म्हणतेय.

यात कायद्याचीच एक फट आहे, ती मला वाचून वाचून कळली. कॉन्सुलर संबंधांचा जो १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, ज्यावर जगभरातल्या दूतावासांचं काम चालतं, त्याच्या ३६ व्या कलमात लिहिलंय की परदेशी माणसाला अटक झाली आणि त्याने मागणी केली तर त्याच्या देशाच्या दूतावासाला उशीर न करता कळवायचं. ३७ व्या कलमात लिहिलंय की त्या देशाचा नागरिक वारला तर कळवायचं, त्या देशाचं जहाज फुटलं किंवा विमान पडलं तरी कळवायचं. पण आमच्या देशात तुमचा एक माणूस दिसेनासा झालाय हे कळवायची सक्ती कुठेच नाही. पाकिस्तानने पकडून ठेवलेल्या कुलभूषण जाधवांच्या केसमध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ ला निकाल दिला, पाकिस्तानने ३६ वं कलम मोडलं असं १५ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, तेव्हा आपल्याकडे केवढा आनंद झाला होता. अटकेतल्या माणसाचा हक्क किती पक्का आहे ते त्या निकालाने जगाला दिसलं. पण तो हक्क वापरायचा तर माणूस अटकेत आहे एवढं तरी आधी कळायला लागतं, आणि आत बसलेल्या माणसाला आपला असा काही हक्क आहे हेच माहीत नसेल किंवा त्याला बोलूच दिलं नसेल तर तो मागणी कशी करणार?

ही फट करार बदलून बुजवायला अनेक वर्षं लागतील हे मला कळतं. पण आखातातल्या देशांशी आपले कामगारांबद्दलचे करार आहेत, त्यांच्या संयुक्त बैठका होत असतात, त्यात एक कलम घालून घेता येणार नाही का, की भारतीय दूतावासाने बेपत्ता म्हणून नाव, फोटो आणि पासपोर्ट नंबर दिला की ठरलेल्या दिवसांत त्या देशाने तुरुंग, डिटेन्शन सेंटर, सरकारी हॉस्पिटलं, शवागारं आणि विमानतळाच्या एक्झिट नोंदी तपासून लेखी उत्तर द्यायचं. उत्तर ‘नाही’ असं आलं तरी चालेल, पण लेखी यायला हवं. आम्हाला आजवर जे काही कळलं ते सगळं फोनवर, म्हणजे अमुक साहेब म्हणाले की बघितलं, नाहीये. कुठे बघितलं, कधी बघितलं, कुणी बघितलं, काही नाही.

आणि आता ती गोष्ट जिने आमचा सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. भाऊजी कामावर आले नाहीत म्हणून कंपनीने तिथल्या सरकारकडे तक्रार दिली, पण ती बेपत्ताची नव्हती, ती कामावरून पळून गेल्याची होती. आखातात ही सर्रास चालणारी गोष्ट आहे, सौदीत तर त्याला हुरूब असं नावच आहे, मालकाने नोंद केली की कामगाराचा रहिवासाचा परवाना जातो, तो सापडला तर अटक होऊन परत पाठवणी. खरोखर मालकाच्या जाचाने पळणारे लोकही असतात, त्यांची वेगळी दुःखं आहेत. पण जो माणूस खड्ड्यात पडला असेल, कुणी मारला असेल, बेशुद्ध होऊन कुठे बिननावाचा पडला असेल, त्याचीही नोंद तीच होते, पळून गेला. एकदा ती नोंद झाली की पुढे जिथे विचाराल तिथे तेच उत्तर येतं, आपलीसुद्धा माणसं तेच सांगतात, अहो तो पळालाय, दुसरीकडे काम करत असेल, येईल फोन. माझ्या जावेला एकाने असंही सांगितलं की तिकडे दुसरा संसार केला असेल. घरात सासूबाई समोर बसलेल्या असताना.

मालकाने पळून गेल्याची तक्रार दिल्यावर आपल्या दूतावासाने त्याला काही साधे प्रश्न लेखी विचारायला हवेत. त्याचा पासपोर्ट कुठे आहे? त्याची बॅग, कपडे, चार्जर खोलीत आहेत का? पगार किती बाकी आहे? शेवटचं कुणी बघितलं? आमच्या भाऊजींची बॅग खोलीतच होती, औषधांची पाकिटं होती, पगार बाकी होता. पळून जाणारा माणूस हे सगळं मागे ठेवून जात नाही, हे सांगायला तपासनीस लागत नाही. ज्या केसमध्ये पासपोर्ट, सामान आणि पगार मागे राहिलाय ती केस पळालेल्याची मानायची नाही, बेपत्ताची मानायची, एवढा एक नियम मंत्रालयाने आपल्या दूतावासांपुरता केला तरी किती घरांचे महिने वाचतील.

पहिले दिवस फार महत्त्वाचे असतात आणि नेमके तेच वाया जातात. सीसीटीव्हीचं फुटेज काही आठवड्यांत पुसलं जाऊन त्यावर नवीन रेकॉर्ड होतं, खोलीतले सोबती दुसऱ्या साईटवर जातात किंवा सुट्टीवर गावी येतात, आपल्याकडचं सिम रिचार्ज केलं नाही तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला जातो. आम्ही त्या दिवसांत काय करत होतो तर कुठे जायचं ते शोधत होतो. इथल्या पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले बेपत्ता तिकडे झालेत, तक्रार तिकडे द्या. एजंटचा फोन लागेना. खरं सांगायचं तर बऱ्याच घरांत अजून एक भीती असते, माणूस व्हिजिट व्हिसावर गेलेला असतो, सब एजंटला पैसे रोख दिलेले असतात, परदेशी कामाला जाणाऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद नसते, मग घरच्यांना वाटतं तक्रार केली तर आपणच अडकू, म्हणून ते गप्प बसतात. त्यांना कुणीतरी ठामपणे सांगायला पाहिजे की तो कसा गेला याबद्दल घरच्यांना काहीही त्रास होणार नाही, आधी तक्रार द्या.

पोलिसांच्या बाबतीत तर साधन हाताशी आहे आणि ते वापरलं जात नाही. बेपत्ता माणसासाठी इंटरपोलची यलो नोटीस असते, ती निघाली की सदस्य देशांच्या पोलिसांकडे त्या माणसाची माहिती जाते. ती घरच्यांना थेट मागता येत नाही, आपल्याकडे सीबीआय हे इंटरपोलशी बोलणारं खातं आहे, त्यांच्यामार्फतच जावं लागतं. पूर्वी राज्याच्या पोलिसांकडून सीबीआयकडे पत्रापत्रीत वेळ जायचा म्हणून ७ जानेवारी २०२५ ला भारतपोल हे पोर्टल सुरू झालं, म्हणजे आता रस्ता सोपा झालाय. पण तालुक्याच्या ठाण्यातल्या हवालदारांना हे कुणी सांगितलंय का? आम्ही यलो नोटीस म्हटलं तर समोरच्यांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्हीच काहीतरी पिक्चर बघून आलोय. परराष्ट्र आणि गृह मंत्रालयाने मिळून एक साधं परिपत्रक काढावं, परदेशात बेपत्ता झालेल्या माणसाची तक्रार त्याच्या राहत्या गावच्या ठाण्याने घ्यायचीच, हद्दीचं कारण सांगायचं नाही, आणि ठरलेल्या मुदतीत यलो नोटिसीची विनंती वर पाठवायची.

आता सात वर्षांबद्दल. हे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण शोध दुसऱ्या देशाच्या हातात आहे असं म्हणून तुम्ही हात वर करू शकता, पण हे पूर्णपणे आपल्याच हातात आहे.

आपल्या कायद्याप्रमाणे, आधी १८७२ च्या पुरावा कायद्याचं १०८ वं कलम होतं आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११ वं कलम आहे, माणसाबद्दल ज्यांना कळायला हवं त्यांना सात वर्षं काहीच कळलं नाही तर तो मेला असं धरता येतं. तोपर्यंत तो जिवंत आहे. म्हणजे कागदावर जिवंत. माझ्या जावेचा नवरा कागदावर जिवंत आहे म्हणून त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यातले पैसे तिला काढता येत नाहीत, नॉमिनी ती आहे पण नॉमिनीचा हक्क मेल्यावर. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र कापला जातो, खात्यात होतं तोपर्यंत कापला गेला, आता नोटिसा येतात. सातबाऱ्यावर त्यांचं नाव आहे, त्या जमिनीचं काहीही करायचं तर सही त्यांची. ती विधवा नाही म्हणून विधवांसाठीचं काही नाही, नवऱ्याने टाकलेली नाही म्हणून तेही नाही. आणि हळदीकुंकवाला तिला बोलवायचं का यावर बायका आपापसात कुजबुजतात ते वेगळंच, ते सरकार थांबवू शकत नाही मला माहीत आहे, पण सरकारने तिच्या हातात एक कागद दिला असता की हिचा नवरा बेपत्ता आहे आणि देश त्याला शोधतोय, तर निदान तिला ताठ मानेने काहीतरी दाखवता आलं असतं.

विम्याचं ऐका. ईसीआर पासपोर्टवर, म्हणजे ज्यावर कामाला जाण्याआधी सरकारची मंजुरी लागते त्यावर, जाणाऱ्या कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजना आहे, १० लाखांची, चांगली योजना आहे. पण ती अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी. माणूस सापडलाच नाही तर मृत्यूचा दाखला नाही, दाखला नाही तर क्लेम नाही. साध्या आयुर्विम्यातही हेच आणि वर अजून एक मेख आहे, सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या एका निकालात सांगितलं की सात वर्षांनी माणूस मेला असं धरता येतं पण कधी मेला ते धरता येत नाही, ती तारीख ज्याला सांगायचीय त्याने सिद्ध करायची. त्या केसमध्ये हप्ते थांबल्यामुळे पॉलिसी बंद पडलेली होती आणि कुटुंब हरलं. म्हणजे कमावता माणूस गेलेला असताना त्याच्याच विम्याचे हप्ते बायकोने सात वर्षं भरत राहायचे, कुठून भरायचे ते तिने बघायचं. ही गोष्ट आम्हाला एक वकील ओळखीतले निघाले म्हणून कळली, नाहीतर आम्हीही हप्ता थांबवणारच होतो. हे प्रत्येक घराला पहिल्याच भेटीत कुणीतरी सांगायला नको का?

आणि सरकारला हे जमत नाही असंही नाही, सरकारने स्वतःच्या नोकरांसाठी हे केलेलं आहे. केंद्र सरकारचा कर्मचारी बेपत्ता झाला तर पोलिसात तक्रार नोंदवल्यापासून सहा महिन्यांनी, शोध लागत नाही असा पोलिसांचा रिपोर्ट आणि घरच्यांकडून बंधपत्र घेऊन, कुटुंबाला फॅमिली पेन्शन सुरू होते. माणूस परत आला तर हिशोब करायची सोय त्या बंधपत्रात आहे. किती शहाणा नियम आहे हा, कुणीतरी विचार करून, घरात बसलेल्या बाईचा विचार करून लिहिलाय. २०१३ मध्ये केदारनाथच्या महापुरात जे वाहून गेले आणि सापडले नाहीत त्यांच्यासाठी सात वर्षं न थांबता मृत्यू नोंदवायची खास पद्धत सरकारने ठरवली, २०२१ मध्ये चमोलीत पुन्हा तेच केलं. मग परदेशात राबून देशात पैसे पाठवणारा गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर, खलाशी यांच्या घरच्यांनीच काय ती सात वर्षं काढायची? इंग्लंड आणि वेल्समध्ये ३१ जुलै २०१९ पासून कायदा लागू आहे, माणूस ९० दिवस बेपत्ता असेल तर त्याच्या घरच्यांना कोर्टाकडून त्याचे पैसे, घर, हप्ते सांभाळायचा अधिकार मिळू शकतो, त्याला मृत न ठरवता. हे न ठरवणं आमच्यासाठी फार मोठं आहे. माझ्या सासूबाई मुलगा मेला अशा कागदावर अंगठा उठवणार नाहीत, मेल्या तरी नाही, आणि त्यांना तो उठवायला लावायचा अधिकार कुणालाच नाही. त्यांना मुलाची वाट बघू द्या आणि सुनेला बँकेचं काम करू द्या, या दोन गोष्टी एकाच वेळी करता येतात असा कायदा पाहिजे.

कामासाठी परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या १९८३ च्या उत्प्रवास कायद्याच्या जागी नवीन कायदा आणायचा मसुदा तुमच्याच मंत्रालयाने २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्यात बेपत्तांचं एक प्रकरण घाला. दूतावासाने चौकशी करून दिलेला बेपत्ता असल्याचा दाखला, तो बँका, विमा कंपन्या, तहसील कार्यालय, शाळा सगळ्यांनी मानायचा, त्यावर कर्जाचे हप्ते काही काळ थांबवायचे, खात्यातून घरखर्चापुरते पैसे काढू द्यायचे, मुलांची फी माफ करायची. कुणाचा फायदा उपटायचा हेतू असेल अशी भीती असेल तर बंधपत्र घ्या, जसं सरकारी कर्मचाऱ्याच्या घरच्यांकडून घेता.

जहाजावरच्या लोकांबद्दल दोनच वाक्यं, कारण कोकणात हे घरोघरी माहीत आहे. पोरगा डेकवरून नाहीसा झाला असा कंपनीचा ईमेल येतो, जहाजावर झेंडा पनामाचा किंवा लायबेरियाचा, म्हणून चौकशी त्या देशाने करायची, मालक तिसऱ्याच देशात, समुद्र कुणाचाच नाही, आणि मुंबईतल्या नौवहन महासंचालनालयात आईबाप खेटे घालतात. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात आता असं आहे की खलाशाला समुद्री चाच्यांनी पकडून नेलं तर त्याचा पगार चालू राहतो, मग जो समुद्रात नाहीसा झाला त्याच्या घरी पगार निदान चौकशी पूर्ण होईपर्यंत तरी जायला हवा, ही मागणी भारताने लावून धरली तर तिला वजन येईल कारण जगाच्या जहाजांवर आपली एवढी माणसं आहेत.

आता सगळ्यात अवघड. सांगणं. जून २०१४ मध्ये इराकच्या मोसुलमध्ये ४० भारतीय कामगारांना पकडून नेलं, त्यातला एक निसटून आला, आणि उरलेल्या ३९ जणांच्या घरच्यांनी मार्च २०१८ पर्यंत वाट बघितली. आलेला माणूस सांगत होता की बाकीच्यांना मारलं, सरकार सांगत होतं की पुराव्याशिवाय कुणाला मृत म्हणणार नाही. पुराव्याशिवाय न म्हणणं बरोबरच होतं असं मला वाटतं, खरंच वाटतं, आणि मोसुलजवळच्या बदूशच्या डोंगराखालून मृतदेह काढून, डीएनए जुळवून, ते घरी आणायला जे कष्ट घेतले ते मोठे होते. पण २० मार्च २०१८ ला राज्यसभेत घोषणा झाली तेव्हा कित्येक घरांना ती बातमी टीव्हीवरून कळली. आधी संसदेला सांगणं हे कर्तव्य आहे असं तेव्हा सांगितलं गेलं. असेलही. पण जिने चार वर्षं कुंकू लावून वाट बघितली तिला अर्धा तास आधी जिल्ह्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याने घरी जाऊन, खाली बसून सांगितलं असतं तर संसदेचा काही अपमान झाला नसता. आम्ही घरात टीव्हीवर बातम्या लावायच्या बंद केल्यात, असं काही कानावर पडेल म्हणून.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रालयानेच सांगितलं की रशियाच्या सैन्यात गेलेल्या १२६ भारतीयांपैकी ९६ परत आले, १२ मारले गेले आणि १६ जणांचा ठावठिकाणा नाही, रशियाने त्यांची नोंद बेपत्ता म्हणून केलीय. त्या १६ घरांत आज कोण फोन करतंय? कुणी ठरलेला माणूस आहे का, की तेही आमच्यासारखे दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगतात, नाव, पासपोर्ट नंबर, शेवटचा फोन कधी आला, अंगावर खूण काय? आमच्या भाऊजींच्या डाव्या हातावर भाजल्याची खूण आहे हे माझ्या जावेने इतक्या अनोळखी लोकांना सांगितलंय.

डीएनएचंही कुणीतरी मनावर घ्या. परदेशातल्या शवागारांत बिननावाचे मृतदेह असतात, ठरावीक काळाने तिथेच पुरले जातात. घरच्यांचा नमुना घेऊन, जपून ठेवून, त्या देशाकडे जुळवायला पाठवायची ठरलेली पद्धत असेल तर आज ना उद्या काही घरांना उत्तर मिळेल. आपल्याकडे डीएनएचं जे विधेयक होतं त्यात बेपत्ता व्यक्तींसाठी वेगळी सूची होती, ते विधेयक जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यात लोकांच्या खासगी माहितीबद्दल शंका होत्या आणि त्या योग्य होत्या, पण ज्या घराला स्वतःहून नमुना द्यायचाय त्याचा घ्यायला, तेवढ्याच कामासाठी वापरायला आणि काम झालं की नष्ट करायला काय हरकत आहे?

कल्याण निधीतून अजून एक गोष्ट करा, घरातल्या एका माणसाला त्या देशात जाऊन यायचा खर्च आणि तिथे भाषा येणारा सोबती द्या. माझे यजमान कर्ज काढून जाऊन आले. तिथे अरबी येत नाही, पोलीस ठाणं कुठलं ते माहीत नाही, त्यांनी भावाचा फोटो हातात धरून साईटच्या आसपासच्या खोल्यांत विचारलं, आणि तिथल्याच आपल्या कामगारांनी, केरळच्या, बिहारच्या, नेपाळच्या पोरांनी त्यांना जेवू घातलं, सोबत फिरले. ती पोरं जे करू शकतात ते करायला सरकारला काय अडचण आहे हे मला खरंच कळत नाही.

तुरुंगातल्या भारतीयांचे आकडे देशवार संसदेत मिळतात, परदेशात वारलेल्या विद्यार्थ्यांचे मिळतात. बेपत्तांचेही तसेच दर वर्षी जाहीर करा, किती तक्रारी आल्या, किती सापडले, किती किती वर्षांपासून उघड्या आहेत. परदेशात दीड कोटीहून जास्त भारतीय नागरिक आहेत, त्यातले काही हरवणारच, त्यात सरकारची बदनामी नाही.

यातलं बरंच काही व्हायला कायदा लागेल, पैसे लागतील, दुसऱ्या देशांशी बोलणी लागतील, ते सगळं सावकाश होईल आणि आम्ही त्याच्या मागे लागू. पण एक गोष्ट तुम्ही पुढच्या आठवड्यात करू शकता. प्रत्येक बेपत्ता माणसाच्या फाईलवर एका अधिकाऱ्याचं नाव घाला, त्याचा नंबर घरच्यांना द्या, घरच्यांच्या भाषेत बोलणारा असेल असं बघा, आणि महिन्यातून एका ठरलेल्या तारखेला त्याने स्वतःहून फोन करायचा. काही कळलं नसेल तरी करायचा. या महिन्यात आम्ही अमुक ठिकाणी विचारलं, काही कळलं नाही, पुढच्या महिन्यात तमुक ठिकाणी विचारणार आहोत, बस एवढंच. बदली झाली तर जाणाऱ्याने येणाऱ्याची ओळख फोनवर करून द्यायची. याला नवीन कायदा लागत नाही, मंत्रालयाचं एक पत्रक पुरतं, आणि मदद पोर्टलवर आमचा तक्रार नंबर आधीच आहे, सुरुवात तिथूनच करा.

कळावे,

आपली,
बेपत्ता माणसाच्या घरातली एक